ओंजळीतला उजेड

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. मी एक म्हातारा चपटा ब्रश आहे. दांड्याचा रंग कधीच उडाला, केसही निम्मे गळाले. उमेदीची वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवली. माझी मालकीण पाटीवाली. रंगाच्या एकाच हातात अक्षर ठसठशीत उमटलं पाहिजे, ही तिची शिस्त. लोक थांबून तारीफ करायचे. पुढे छापील फलक आले आणि मी डब्यात पडून राहिलो.

एक दिवस तिनं मला बाहेर काढलं. तिच्या थोरल्या बहिणीची नजर झपाट्यानं जात होती. डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांचीच आशा दिली होती. लहानपणी या दोघी वाचनालयातल्या एका चित्रासमोर तासन्‌तास बसायच्या. काळ्या पाण्यावर उभी एक बाई आणि तिच्या ओंजळीत उजेड. ती कोण, उजेड कसला, कुणालाच सांगता यायचं नाही. ओल लागून ते चित्र केव्हाच गेलं. ताईला ते एकदा पुन्हा बघायचं होतं.

म्हणून धाकटीनं, म्हणजे माझ्या मालकिणीनं, ते आठवून रंगवायला घेतलं. तिच्याकडे चारच रंग होते: पांढरा, पिवळा, तांबडा, निळा. तिनं सवयीनं ओंजळीत घट्ट पांढरा थापला. ताई चित्राला नाक लावून म्हणाली, "हा चुना झाला गं. उजेड कुठाय?"

धाकटीनं तो थर खरवडला. पांढऱ्यावर पिवळा थापला, पुन्हा खरवडला, पुन्हा थापला. तिसऱ्यांदा खरवडताना खालच्या पांढऱ्यावर पिवळ्याचा नुसता पुसट थर राहिला आणि तिथूनच उजेड आला. तो वरून थापायचा नव्हता, खालून येऊ द्यायचा होता.

मग तेलात पातळ केलेला एक थर, दोन दिवस वाळवण, मग दुसरा. तांबड्यावर निळा चढत अंधार दाटला. पाटीवालीला थांबणं म्हणजे शिक्षाच. ती खोलीत फेऱ्या मारायची, पण ओल्या थराला तिनं बोट लावलं नाही.

अठराव्या थराला तिनं ताईला बोलावलं. ताई बराच वेळ बघत राहिली.

"पाणी फार निळं झालंय," ती म्हणाली. "पण ओंजळ तीच."

"अजून दोन थर लागतील ताई. तोवर दिसेल ना तुला?"

"दिसायलाच हवं. लाग कामाला."

मित्रांनो, तुमच्याकडेही ब्रश असतील. काम संपलं की आधी त्यांना धुवा, मग हात. केसांत रंग वाळला की आम्ही संपलो. मला तर परवा पुन्हा त्या पाण्यावर जायचं आहे.