उलट्या शिवणीचा अंगरखा

मित्रांनो, मी एक जुना अंगरखा आहे. माझ्या शिवणी बाहेरून आहेत आणि बाह्यांची टोके बंद. मला पाहून प्रथम सगळेच हसले.

१९९४ साली जतच्या बाजारात जालिंदर शिंप्याने मला शिवले. त्याआधी मी हरणाबाईच्या सासऱ्यांचे धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर होतो. तिच्या सात वर्षांच्या सोनमला अंगभर खाज होती. ती झोपेत रक्त येईपर्यंत खाजवी आणि शाळेत पाटीवर मान टाकी. शिवणी अंगाला टोचू नयेत आणि नखे कातडीला लागू नयेत, म्हणून सांगलीच्या डॉक्टरांनीच असा अंगरखा सुचवला होता.

"वैनी, उलटं शिवू? लोक म्हणतील, जालिंदर पिऊन बसलावता!"

"म्हणू द्यात. पोरगी झोपली पायजे."

आणि सोनम झोपली. तिचा बाप धुळा पहाटे मेंढरे सोडताना म्हणाला, "अगं, बिनहाताचं भूत घोरतंय बघ!" हसता हसता त्याने डोळे पुसले. महिन्याभरात सोनम वर्गात उभी राहून तेराचा पाढा म्हणू लागली. माझ्या आयुष्यातले तेवढेच सुखाचे दिवस.

हरणाबाईला देवाचे उपकार फेडायचे होते. घरात बिरोबाच्या नावाचे घोंगडे होते; त्याहून पवित्र जागा तिला ठाऊक नव्हती. तिने मला धुतले, उलटे केले आणि त्याच घोंगड्यावर वाळत घातले. लोकरीची बारीक कुसे माझ्या आतल्या अंगात रुतली.

सोनम पुन्हा खाजवू लागली. टँकरच्या मोजक्या पाण्यातले दोन तांबे खर्चून हरणाबाईने मला परत धुतले. कुसे निघाली नाहीत.

"त्याचा गुण संपला गं," धुळा म्हणाला.

मला उन्हात धरा, आत पाहा, असे मला ओरडून सांगायचे होते. वस्त्राला वाचा नसते. सोनम वर्गात पुन्हा पेंगू लागली, मास्तरांचा मार खाऊ लागली, आणि एके दिवशी पाटी ठेवून मेंढरांमागे गेली.

आता मी कणगीच्या भोकातला बोळा आहे. जोंधळे काढायला सोनम येते, मला उपसते, आणि कधी कधी कुणी पाहत नसताना ओरखडलेला हात माझ्या बाहीत घालते. बाही तिला आता कोपरापर्यंतच पुरते.

मित्रांनो, कामाची वस्तू एकाएकी निकामी वाटली, तर टाकण्यापूर्वी तिला एकदा उन्हात धरा. माझ्यात रुतलेली कुसे हरणाबाईने नखांनी वेचली असती, तर एका दुपारचे काम होते.