काळ्या बिअरचा वास

एके काळी आमच्या शहरात बिअरचे अकरा छोटे कारखाने होते. मग एका बड्या कंपनीने ते एकेक करून विकत घेतले आणि एकेक करून बंद पाडले. शेवटच्या कारखान्यात माझा मामा मुख्य कारागीर होता. त्याच्या हातची काळी बिअर प्यायला लोक नदीपलीकडून यायचे.

कारखान्याला टाळं लागल्यावर सव्वीस वर्षांनी मी एका बंद छापखान्याच्या जागेत चार टाक्या मांडल्या आणि मामाला गाठलं. "तुझी काळी बिअर मला पुन्हा करायचीय."

मामा खुलला. पण पंचाईत अशी, की दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं होतं. वास म्हणून येतच नव्हता. प्रमाणं तोंडपाठ होती. पण बार्ली किती भाजायची हे तो कायम वासावरच ठरवायचा. आम्ही तीनदा बिअर केली. पहिली कडू जहर, दुसरी मिळमिळीत, तिसरी नुसतीच जळकी. ती ओतून दिल्यावर मामा स्टुलावर मटकन बसला.

"नाद सोड बाई. माझ्याच्याने नाही व्हायचं."

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने पुन्हा बार्ली भाजायला घेतली. मामा कोपऱ्यात बसून होता. तेवढ्यात मामी त्याचा डबा घेऊन आली. मामीने जन्मात बिअर तोंडाला लावलेली नाही. दारातच तिने नाक मुरडलं.

"छे! हा तो वास नाही."

"कुठला गं?"

"अगं, तुझ्या मामाचे शर्ट मीच धुतले ना इतकी वर्षं? काळी बिअर केली त्या दिवशी शर्टाला खरपूस वास यायचा. दूध तळाला लागायच्या जरा आधी येतो ना, तसा. हा तर कोळसा झालाय."

मामा तिच्याकडे बघतच राहिला. "हे कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

डबा तसाच राहिला. ताजी बार्ली घेतली. मामा दाणे हलवायला बसला आणि मामी डोळे मिटून शेजारी उभी राहिली.

"आता?" मामाने विचारलं. मग पुन्हा, "आता?"

"गप्प बसा हो! नाकाला काम करू द्या." आणि थोड्या वेळाने ती एकदम ओरडली, "काढा! काढा, काढा!"

पाच आठवड्यांनी पहिले ग्लास भरले. जुन्या कारखान्यात पिंपं धुणारे दोन म्हातारे मुद्दाम आले होते. एकाने घोट घेतला आणि म्हणाला, "अरे, हीच की!" दुसऱ्याने ग्लास संपवून फक्त पुढे केला. मामाने त्या दोघांचे चेहरे पाहिले, मग उठून तो आधीच लख्ख असलेला टाकीचा नळ बराच वेळ पुसत राहिला.

यंदा शहरात असे आणखी तीन छोटे कारखाने निघालेत. तिन्ही ठिकाणी बार्ली भाजताना मामी हवी असते. ती आधी आमच्याकडचं काम उरकते, मग ऐटीत निघते. आणि तिची पिशवी सांभाळत मामा मागे.