मत नसलेली सात बेटं

आत्या कवळ्या बनवायची. दुसऱ्याच्या तोंडात चपखल बसतील असे दात घडवणं हा तिचा धंदा आणि स्वतःच्या तोंडाला लगाम नसणं हा तिचा स्वभाव. दोन्हींत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिचा कारखाना म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, घासायचं यंत्र, आणि रांगेनं मांडलेल्या कवळ्या. नवा माणूस आत आला की त्या बघून आधी दचकायचा, मग काम सांगायचा. मागच्या भिंतीला काचेचं कपाट होतं आणि त्यात दोन कॉम्प्युटर, जे कधीही बंद होत नसत. शेजारचा शिंपी म्हणायचा, "दातांचं कपाट कॉम्प्युटरला दिलंत आणि दात उघड्यावर ठेवलेत, हे काय?" आत्या म्हणायची, "दातांना धूळ लागली तर पुसता येते. तू तुझं काज कर."

आता त्या कॉम्प्युटरांचं सांगायला हवं. एक खेळ होता, बेटांचा. कंपनी खेळ विकायची, पण खेळायला जी बेटं लागतात ती कंपनीची नसत. कोणीतरी आपल्या घरात, दुकानात, माळ्यावर एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचं. त्यावर एक बेट, जागा असली तर जास्तही. कुठकुठली माणसं त्या बेटावर येऊन घरं बांधायची, धक्के बांधायची, गलबतं सोडायची. असं बेट चालवणारे ते सर्व्हरवाले. विजेचं बिल त्यांचं, काही बिघडलं तर शिव्या त्यांना, आणि नाव कंपनीचं. तरी हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

हे खूळ मुळात आत्याच्या भावाचं. तो बंदरात क्रेन चालवायचा आणि घरी आल्यावर खेळातल्या बेटावर पुन्हा क्रेनच बांधत बसायचा. त्याच्याच नादानं आत्याने बेट सुरू केलं. भाऊ गेला. त्याचं बेट बंद करायला कोणाचा हात होईना, तेव्हा आत्याने ते उचलून आपल्या कपाटात आणलं. मग लोकांना कळलं. कोणी म्हातारपणानं गेलं, कोणी आजारानं, कोणी असंच एक दिवस, की घरचे विचारायचे, आत्या, हे बेट ठेवून घ्याल का? अशी सात बेटं झाली. त्यांवर फारसं कोणी येत नसे. एका नर्सचा नवरा मात्र सुट्टी असली की तिच्या बेटावर यायचा, तिने बांधलेल्या धक्क्यावर बसायचा आणि निघून जायचा. त्या खेळात पायवाटेवर कोणी चाललं नाही तर गवत उगवतं आणि वाट मिटते. म्हणून आत्या दर आठवड्याला सातही बेटांवर एकेक फेरी मारायची. याबद्दल ती कोणाशी बोलत नसे.

भावाचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाचा, त्याला सगळे किटली म्हणायचे. लहानपणापासून ठेवलं की लगेच उकळणारा. आता तिशीचा बाप्या झाला होता, पण उकळणं तेच. सगळ्यांत मोठं बेट त्याचं. हजारो खेळाडू, स्पर्धा, बक्षिसं, नुसती जत्रा. कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ कशी काढायची हेसुद्धा त्याला आत्यानेच शिकवलं होतं, कवळ्यांच्या ब्रशनं. सर्व्हरवाल्यांच्या ग्रुपवर त्याने एकदा सवयीनं "आत्या" लिहिलं आणि तेव्हापासून आजोबा झालेली माणसंही तिला आत्या म्हणू लागली.

तर एक दिवस कंपनीचा निरोप आला. बेटांचे नियम बदलायचे आहेत, तुमच्यापैकी एक प्रतिनिधी निवडा, त्याच्याशी बोलू.

झालं! इतकी वर्षं ज्या कंपनीनं ढुंकून बघितलं नव्हतं, तिनं एक खुर्ची पुढे केली आणि त्या खुर्चीसाठी ग्रुपवर रणकंदन माजलं.

"मी बोलतो," किटलीनं लिहिलं. "नाहीतरी इतके दिवस मीच कंपनीला लिहीत आलोय."

"तुला नेमलं कोणी?" आत्यानं विचारलं.

"आत्या, सगळ्यांत जास्त खेळाडू माझ्याकडे आहेत."

"गर्दी जमवली म्हणून कोणी गावाचा कारभारी होत नाही. लहान बेटांना काय हवं ते तुला ठाऊक आहे का?"

लहान बेटवाले आत्याच्या मागे उभे राहिले. त्यांत सगळ्यांत पुढे एक बेकरीवाली. तिचं बेट बेकरीच्या पोटमाळ्यावर, खेळाडू मोजून डझनभर. तिनं सरळ लिहिलं, की मोठ्या बेटांना कंपनी आपला शिक्का देणार आहे, कमाईत वाटा देणार आहे, किटलीच्या कोपराला गूळ लावून झालाय. किटलीनं ते नाकारलं नाही. "तसं बोलणं झालंय, पण मी हो म्हटलेलं नाही," एवढंच म्हणाला. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. आत्याचाही नाही.

मग भांडण मतांवर आलं. किटलीचं म्हणणं, एक खेळाडू एक मत. आत्याचं म्हणणं, एक बेट एक मत; ज्याच्या घरी वीज जळते त्याचं मत. आठवडाभर शब्दाला शब्द वाढला. शेवटी मोठ्या बेटवाल्यांतलेच काही कंटाळून म्हणाले, आत्या म्हणते तेच रास्त आहे. नियम ठरला. ज्याच्या घरी वीज जळते त्याचं मत.

आणि तेवढ्यात कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. अरे, मग आत्याची मतं आठ झाली! तिचं एक आणि कपाटातली सात.

किटली उकळला. "मग काय, मेलेल्यांची मतंही मोजायची का आता?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. लिहून गेला. पण त्या सातांत एक बेट त्याच्या बापाचं होतं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

आत्याच्या हातात तेव्हा एका म्हातारबुवांची खालची कवळी होती. ती तिने खाली ठेवली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते तिला कळत होतं. पण तिला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? मग हात पुसून तिनं लिहिलं, "नाही मोजायची. माझं एकच मत धरा."

बेकरीवालीचा लगेच फोन आला. "अहो आत्या, असं काय करता? नियम आपल्या बाजूनं आहे. टाका ती मतं!"

"मी त्यांची बेटं सांभाळते. त्यांचं तोंड व्हायला मला कोणी सांगितलेलं नाही."

"पण ते काय तुम्हाला नाही म्हणणार आहेत?"

"तेच तर. मत त्याचं, ज्याला उद्या माझं चुकलं तर मला जाब विचारता येतो. हे सात जण येणार आहेत का विचारायला?"

"म्हणजे आपण हरणार."

"हरू मग."

बेकरीवालीनं ते सगळं जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं, वर "आता काय म्हणायचं या बाईला" असंही लिहिलं. मतं पडली. आत्या चार मतांनी हरली. कपाटातली सात धरली असती तर आरामात जिंकली असती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बेकरीवालीनं तिच्याशी अबोला धरला. आत्या मान खाली घालून कामाला लागली, पण खरं सांगायचं तर मनातून तिची मान ताठच होती.

किटली निवडून आला. विरोधातलेही नाइलाजानं त्याला प्रतिनिधी म्हणू लागले. आत्याने मात्र एकदाही तो शब्द उच्चारला नाही. "प्रतिनिधी कसला! भाचा आहे माझा. नाक पुसलंय मी त्याचं," असं ती शिंप्याला म्हणाली आणि यंत्र जोरात सुरू केलं.

बैठकीच्या सकाळी कारखान्याचं दार वाजलं. दारात किटली, इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप.

"इथून बसू का? तुझ्याकडची लाइन कधी तुटत नाही."

त्याच्या घरची लाइन याहून दसपट चांगली होती, हे आत्याला माहीत होतं. पण आलेल्याला दारातून कसं परतवणार? तिनं टेबलाचं एक टोक मोकळं करून दिलं आणि पाठ फिरवून घासायला बसली.

"आत्या, ते यंत्र तेवढं..."

तिनं यंत्र बंद केलं. कवळी हातातच ठेवली.

बैठकीत सगळ्या सर्व्हरवाल्यांना बघायची-ऐकायची मुभा होती, बोलायचं फक्त प्रतिनिधीनं. पडद्यावर लहान लहान चौकटींत एकेक चेहरा उगवला. बेकरीवालीच्या कपाळावर पीठ होतं. मधल्या चौकटीत कंपनीची बाई, गोड आवाजाची. तिनं मोठ्या बेटांचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांना कंपनीचा शिक्का, त्यांना कमाईत वाटा. मग त्याच गोड आवाजात म्हणाली, की महिन्याला शंभर तरी खेळाडू येत नाहीत ती बेटं वर्षअखेर बंद करावी लागतील, सगळ्यांना पुरं पडणं कंपनीला झेपत नाही.

बेकरीवालीनं डोळे मिटून घेतले. कपाटातली सातही बेटं, भावाची क्रेन, नर्सचा धक्का, सगळं त्या एका वाक्यात गेलं. तिनं किटलीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि लाल कान म्हणजे काय ते तिला माहीत होतं. आता हा उकळणार आणि सगळं वाया घालवणार.

पण तो उकळला नाही. शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या हिशेबानं एकूण बेटं किती?"

"छत्तीस."

"त्रेचाळीस आहेत."

"ती सात आम्ही धरलेली नाहीत. त्यांना मालक नाही. तुमच्या मतदानातही ती नव्हती ना?"

"नव्हती. ती असती तर आज इथून मी बोलत नसतो, माझी आत्या बोलत असती. नियमानं ती मतं तिची होती. तिनं टाकली नाहीत, कारण ती माणसं तिला जाब विचारायला येऊ शकत नाहीत. आणि मी त्यांच्याबद्दल काय लिहिलं होतं ते इथल्या सगळ्यांनी वाचलंय. त्यातलं एक बेट माझ्या वडलांचं आहे."

त्यानं लॅपटॉप जरा जवळ ओढला.

"बाकीच्यांना मला निवडता आलं, पाडता आलं. उद्या शिव्याही घालता येतील. या सातांना यातलं काहीच करता येत नाही. मग त्यांच्यासाठी बोलायला माझ्याशिवाय आहे कोण? तेव्हा आधी माझं बेट त्या शिक्क्याच्या यादीतून काढा. आणि लहान बेटं ज्या दिवशी बंद होतील, त्या दिवशी माझंही बंद होईल. माझे हजारो खेळाडू तुम्हाला विचारतील, का म्हणून. त्यांना काय सांगायचं ते ठरवून ठेवा."

एका मोठ्या बेटवाल्यानं आपल्या चौकटीत हात वर केला. त्याच्या शेजारी दुसऱ्यानं केला. मग तिसऱ्यानं. बघता बघता पडद्यावर नुसते हातच हात दिसू लागले.

कंपनीच्या बाईनं थोडा वेळ मागितला, आवाज बंद करून कोणाकोणाशी बोलली, आणि परत आली तेव्हा आवाजातला गोडवा जरा कमी आणि खरेपणा जरा जास्त होता. बेटं बंद करायचं कलम मागे घेतो, म्हणाली. पुढचे नियम तुमच्याशी बोलल्याशिवाय होणार नाहीत. आणि मग, "एक विचारते. ती सात बेटं कोणाच्या जबाबदारीवर धरायची?"

आत्यानं तोंड उघडलं. आणि मिटलं. जन्मात पहिल्यांदाच मिटलं असेल. आज बोलायचा मान तिचा नव्हता.

"माझ्या आत्याच्या," किटली म्हणाला. "लिहून घ्या."

पडदा विझला तसा तो खुर्चीत मागे रेलला. आत्यानं चहा आणून पुढ्यात ठेवला.

"आत्या, ते मेलेल्यांचं मी जे लिहिलं..."

"चुकलास."

"हो."

"चहा घे. निवतोय."

त्यानं दोन घोट घेतले आणि कपाटाकडे बघत विचारलं, "बाबांच्या बेटावर जाऊ?" वडील गेल्यापासून तो तिथे गेलेला नव्हता. आत्यानं बेट उघडून दिलं. धक्का होता, क्रेन होती, क्रेनपासून घरापर्यंतची पायवाट होती. वाटेवर गवताची एक काडी नव्हती. त्यानं ते पाहिलं, आत्याकडे पाहिलं. त्या वाटेनं तो हळूहळू चालत राहिला.

भाऊ असता तर म्हणाला असता, बघ, माझं पोर! आणि तिनं त्याला ठणकावलं असतं, तुझं एकट्याचं नाही.

फोन वाजत होता. ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पूर लोटला होता. बेकरीवालीचा अबोला सुटला होता. "आत्या! तुमच्या भाच्यानं आज मैदान मारलं!"

आत्यानं प्लास्टरचे हात पदराला नीट पुसले आणि लिहिलं, "भाचा तो घरी. इथे त्याला प्रतिनिधी म्हणायचं."