सायकलला चढ दाखवणे

मामाचं म्हणणं असं की सायकलला वर्षातून एकदा चढ दाखवावा लागतो, नाहीतर ती विसरते. काय विसरते हे त्याने कधी सांगितलं नाही आणि सायकलनेही कधी तक्रार केली नाही. तरुणपणी तो याच सायकलवर पगारी शर्यती खेळायचा. मोसम संपला की पहिल्या रविवारी तो ती गावामागच्या टेकडीवर एकदा चढवून आणायचा. पुढे शर्यती सुटल्या, केस गेले, मामी कंटाळून तिच्या बहिणीकडे राहायला गेली. रविवार तेवढा राहिला.

यंदा हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला जिनासुद्धा बसत बसत चढायला सांगितलं होतं. टेकडीचा विषय निघाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चढाल कदाचित. पण उतरवायला माणसं लागतील." मामाने घरी येऊन आम्हाला सांगितलं की डॉक्टर चढाल म्हणालेत.

माझी आई मामाची धाकटी बहीण आणि मामा आमच्याकडेच राहायला होता. तिने सायकल बाथरूममध्ये कोंडली आणि कुलपाची किल्ली साखरेच्या डब्यात लपवली. आम्ही आंघोळीला शेजाऱ्यांकडे जाऊ लागलो. मामा बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसला. साखर तो घेत नव्हता, त्यामुळे किल्ली सुरक्षित होती. पण शेजारीणबाईंनी साबण आपापला आणायला सांगितल्यावर वाटाघाटी सुरू झाल्या.

"छकुले, मीच गेलं पाहिजे असं नाही," मामा म्हणाला. "रक्ताचं कुणीही चालेल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आईला सायकल येत नव्हती. रक्ताचा तेवढा मीच उरलो.

मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर बसतो. लोक लिफ्टमध्ये अडकले की मला फोन करतात आणि मी त्यांना सांगतो, "घाबरू नका, माणूस निघालाय." चढण्याशी माझा संबंध एवढाच.

"एक अट," मामा म्हणाला. "वाटेत पाय टेकायचा नाही. पाय टेकला की चढ मोजत नाहीत. मग मला जावं लागेल."

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू पाय टेकलास तर मामा जाईल."

"टेकडीवर?"

"जाईल म्हणजे जाईल," ती म्हणाली आणि पुसलेला ओटा परत पुसू लागली.

रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी मी पहिल्यांदा त्या सायकलवर बसलो. सायकल सुंदर होती, पण माणसासाठी केलेली वाटत नव्हती. सीट चाकूच्या पात्यासारखी. गिअर बदलायचा दांडा हँडलवर नव्हता, खाली फ्रेमच्या दांडीवर होता. म्हणजे ऐन चढात एक हात सोडून गुडघ्यापाशी चाचपडायचं. सगळ्यात हलका गिअर मामाने स्क्रू पिळून कायमचा बंद केला होता.

"का पण?"

"तो हौशी लोकांसाठी असतो, भाचेबुवा."

"मी हौशीसुद्धा नाहीये, मामा."

त्याने खाली बसून माझे पाय पॅडलवर ठेवले आणि चामड्याच्या पट्ट्यांनी करकचून बांधले. त्याच्या काळी असेच बांधायचे म्हणे. बक्कल घट्ट करून पट्ट्याचं टोक खाली वळवून खोचून टाकलं. वाकल्याने त्याला धाप लागली होती. मी विचारलं, "मला उतरायचं झालं तर?"

"उतरायचंय कशाला?"

मग तो आईशेजारी गाडीत बसला. आई गाडी घेऊन माझ्या मागे. रस्ता एवढा अरुंद की ती पुढेही जाऊ शकत नव्हती आणि वळवूही शकत नव्हती. अशी आमची मिरवणूक निघाली.

पहिला चढ मी लाजेच्या जोरावर काढला. दुसऱ्याला लाज संपली. पॅडल दाबलं की ते विचार करायचं, मग खाली जायचं. पाठीची शेवटची काही हाडं पूर्वी एकत्र असायची, ती वेगवेगळी झाली. एक म्हातारी काठी टेकत माझ्या पुढे चालली होती. तिला मागे टाकायला मला इतका वेळ लागला की मध्ये आमची ओळख झाली.

"कुठं निघालास?" तिने विचारलं.

"वर."

"मग जा की."

मागून मामा खिडकीतून डोकं काढून ओरडत होता. "गिअर टाक! गिअर!" मी हात सोडला तर सायकल दरीकडे बघायला लागायची. "मामा, हात सुटत नाहीये!" आई ओरडली, "घाबरू नकोस, आम्ही आहोत मागे!" ते ऐकून मला कळलं की माझ्या फोनचा लोकांना कधीच काही उपयोग झाला नसणार.

वरच्या आखूड वळणावर सायकल थांबली. मी थांबवली नाही; तिलाच पुढे काही सुचलं नाही. क्षणभर आम्ही दोघं उभे राहिलो आणि मग सावकाश, एखादं कपाट आडवं करावं तसे उजव्या कुशीवर पडलो. पाय पॅडललाच. चाक फिरत होतं. गाल रस्त्यावर टेकलेला, आणि त्या गालाशेजारी मामाचे बूट येऊन उभे राहिले.

"लागलं का रे?" आई गाडीतून उतरत ओरडली.

"झालं," मामा म्हणाला. तो बाह्या सरसावत होता. "उठ आता, मी नेतो पुढे." त्याने पट्टा सोडायला हात घातला. चेहरा सुट्टी लागल्यासारखा.

मी त्याच्या हाताखालून दोन्ही हातांनी बक्कल धरून ठेवलं. आडव्या माणसाला फार काही सुचत नाही. मला एवढंच सुचलं.

"मामा, पाय कुठे टेकलाय?"

"म्हणजे?"

"खांदा टेकलाय, कोपर टेकलंय, कान टेकलाय. पाय बघ. दोन्ही पाय पॅडलवर आहेत. तुझ्याच पट्ट्यांनी."

मामा खाली वाकला. त्याने डावा पाय पाहिला, वळसा घालून उजवा पाहिला, त्या पायाखालून बोट फिरवून पाहिलं. आयुष्यभर नियमात राहिलेला माणूस. शर्यतीत त्याचं काम जिंकायचं नव्हतं. संघाच्या कॅप्टनला पाणी आणून द्यायचं, त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा. असल्या माणसांना नियम पाठ असतात.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "टेकलेला नाही."

आईने डोळे मिटून गाडीला पाठ टेकली. मी रस्त्यावर गाल ठेवून हसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी वाचवलं होतं, तेही झोपून.

"म्हणजे चढ चालू आहे," मामा म्हणाला.

आणि त्याने मला सायकलसकट उचललं.

"दादा! वजन उचलायचं नाहीये तुला!" आई धावली. तोवर मी सरळ उभा होतो, पाय बांधलेलेच, आणि सीटखाली मामाचा हात होता.

"चढात पडलेला माणूस स्वतः सुरू होत नसतो," तो म्हणाला. "ढकलावं लागतं. कॅप्टनला असंच ढकलायचो. चल, मार पॅडल!"

सायकल हलली. मी खालच्या बाजूला पाहिलं. पट्टा सोडून पाय टेकावा, तर मामा सायकल घेऊन वर जाणार. न टेकावा, तर हा असा ढकलत येणार.

"मामा, हात काढ. जमतंय मला."

"जमतंय ना? मग पळ!"

मी पळालो. इतकी ताकद मी आजवर कशालाच लावली नव्हती. त्याच्या हाताच्या पुढे निघायचं, एवढंच हवं होतं. पण मी जेवढा जोर लावायचो तेवढा तो खूश व्हायचा आणि धावत बरोबर यायचा. सीटखालचा तो हात काही हलेना.

"वा, भाचेबुवा! वा!"

मागे आई हॉर्न वाजवत होती. मग हॉर्न थांबला. बहुधा ती गाडी सोडून पळत येत होती. मला मान वळवता येत नव्हती, वळवली की सायकल दरीकडे जायची.

मग मामाचं "वा" थांबलं. नुसता श्वास उरला. पण मीही तसाच धापा टाकत होतो, त्यामुळे त्यातला कोणता त्याचा आणि कोणता माझा हे कळेना. त्याचा नीट ऐकू यावा म्हणून मी माझा रोखून धरला. श्वास रोखल्यावर पायातली ताकद गेली, सायकल मंदावली, आणि सीटखालून आणखी जोर आला.