कुप्याला नथ

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं सासूबाई सांगून गेल्या. त्यांचं बरंच ऐकलं, एवढं नाही ऐकलं. तर माझा नवरा आनंदा, दाभोळचा, गळावर बसणाऱ्या घराण्यातला. आमच्या घरात जाळी कधी नव्हती. तंगूस म्हणजे नायलॉनची जाड दोरी, तिच्या टोकाला गळ, गळाला जिवंत बांगडा, आणि खोल पाण्यातला कुपा, शहरात त्याला ट्यूना म्हणतात, नाहीतर मोठी सुरमई. माशाने तोंड लावलं की खांद्यापासून हात मागे ओढून असा हिसका द्यायचा की गळाचं टोक थेट हाडात बसावं. माझे थोरले दीर रावजी, त्यांचा हिसका तर हर्णैपर्यंत माहीत. बंदरावर कुणी कुणाला दमात घेतलं तरी लोक म्हणतात, रावजीचा हिसका दाखवला.

गेल्या हंगामात भरधाव सुटलेलं तंगूस आनंदाच्या उजव्या हाताला गुंडाळलं गेलं. बोटं वाचली, पण दोन वाकत नाहीत आणि मुठीत जोर नाही. नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडायची वेळ आली, तेव्हा भावोजी ओटीवर बसून म्हणाले, "आनंदा, तू आता बंदरावर बर्फाचं बग. गळावर बसायला हात लागतो. हिसका नाय तर मासा नाय."

आनंदा म्हणाला, "बरं दादा."

माझं डोकं फिरलं ते त्या 'बरं'वर. अंथरुणात पडल्या पडल्या ज्याला कळतं की आज वारा कुठला, तो माणूस बर्फ फोडत म्हातारा होणार. तो घरात पाहुण्यासारखा वावरायला लागला. चहा मागायचा नाही, आमटीत मीठ कमी असलं तरी बोलायचा नाही. मला रडू यायचं, आणि रडू येतं म्हणून आणखी राग यायचा. त्याला परत समुद्रावर पाठवायचंच, एवढं मी मनाशी धरलं. कसं, ते माहीत नव्हतं.

मी बंदरावर मासे विकते. माशाचं तोंड मी जेवढं उघडून बघितलंय, तेवढं आरशात माझं बघितलं नसेल. एक दिवस लांबच्या मोठ्या बोटीवरचा कुपा आला, त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात गळ तसाच राहिलेला. आमचा गळ लांब दांड्याचा, टोक सरळ वर. हा गोल, आणि टोक आत, दांड्याकडे वळलेलं. मला वाटलं कुणीतरी पायाखाली आणून वाकवला. बोटीचा तांडेल बाजूलाच होता. म्हणाला, "नाय गो बाय, तो असाच असतो. मासा बांगडा गिळून वळला की हा तोंडाच्या कोपऱ्यात आपणच बसतो. हिसका मात्र द्यायचा नाय. दिलास की सुटलाच."

हिसका द्यायचा नाही! मी पाटी शेजारणीच्या ताब्यात दिली आणि तडक बाबल्याच्या दुकानात गेले. दोऱ्या, शिसं, गळ, सगळं त्याच्याकडे मिळतं.

बाबल्या हसला. "ह्यो आपल्याकडं कोण नेत नाय वैनी. तोंड मिटलेला गळ. मासा काय मुका घेणार त्याचा?"

"तू दाखव तर. मुका घेतो की नाय ते मासा बगील."

त्याने पुढ्यात ढीग ओतला. आधी सगळ्यात मोठा हातात दिला, कुपा मोठा म्हणून गळ मोठा. मी परत केला. कुप्याचं धड बघून गळ घेतला की फसलात, त्याचं तोंड धडाच्या मानाने लहान. गळाच्या पोटात जबड्याचा कोपरा मावला पाहिजे, बस्स. तो कोपरा माझ्या बोटांना पाठ होता. मग काउंटरच्या काचेवर एकेक गळ आडवा ठेवला. जो सपाट बसला तो घेतला, ज्याचं टोक बाजूला कललेलं तो ठेवून दिला, कारण कललेलं टोक माशाच्या पोटातच अडकेल, कोपऱ्यापर्यंत येणार नाही. चकचकीत होते ते फार आवडले, पण त्याच्याच पकडीने ओढून बघितले तर तार उघडली. जाड तारेचे, दिसायला काळपट, ते घेतले. शेवटी टोक अंगठ्याच्या नखावरून फिरवलं. नखावर ओरखडा उठला की टोक खरं, नुसतं घसरलं की खोटं. बाबल्याने तोवर हसणं थांबवून दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाठलं होतं.

आमच्याकडे दारापुढच्या खळ्यात गळ मांडले की बायकांनी वळसा घालून जायचं, ओलांडायचं नाही, हात लावायचा नाही. त्या दिवशी भावोजी गळ बांधत बसले होते. मी त्यांच्या समोर फतकल मारली आणि माझे गळ बांधायला घेतले. त्यांनी एक उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हा गळ हाय की नथ गो?"

"नथच हाय भावोजी. कुप्याला घालायची."

ते मोठ्याने हसले, मग एकदम हसायचे थांबले. "आणि घालणार कोण?"

"हे घालणार. आमची होडी हाय ना धक्क्याला, आनंदाच्या नावाची."

"सुकाणूवर कोण? या हाताच्या माणसाबरोबर माज्या घरातला कोण येणार नाय, आधीच सांगतंय."

"मी हाय ना. केळशीच्या खाडीत बापाची होडी मी हाकलीय. इथं नवरी होऊन आले म्हणून विसरले काय?"

आनंदा दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी होडीत जाऊन बसला.

धक्क्यावर सगळं दाभोळ जमल्यासारखं वाटलं. कुणी म्हणालं, नथ घेतली, आता शालूही घ्या. मी कुणाकडे बघितलं नाही. वाशिष्ठीच्या मुखाबाहेर पडलो, जमीन निळी झाली तिथपर्यंत गेलो. कुपे होते. वर पाखरं घिरट्या घालत होती. आनंदाने बांगडा सोडला. थोड्या वेळात तंगूस सरसरायला लागलं आणि त्याने काय करावं? डाव्या हाताने, सगळं अंग मागे टाकून, हिसका दिला. घराण्यातला, नंबरी हिसका. तंगूस ढिलं पडलं. गळ वर आला तो स्वच्छ, माशाच्या तोंडातून सरळ बाहेर.

"कशाला दिलात?" मी ओरडले.

"मी नाय दिला," तो म्हणाला, "हातानं दिला." हे तो खरंच सांगत होता. आणखी एक लागला, तोही तसाच गेला.

रिकामे आलो. भावोजींनी धक्क्यावरून विचारलं, "कुप्यानं नथ परत केली काय रे?" लोक हसले. आनंदा खाली मान घालून होडी बांधत होता. रात्रभर मी त्या हसण्याला मनातल्या मनात उत्तरं देत राहिले.

सकाळी मी त्याला खळ्यात बसवलं. होडीच्या काठावर असतो तसा लाकडी खुंटा जमिनीत ठोकला, तंगुसाचा वेढा त्यावरून घेऊन एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं माझ्या मुठीत. "मी मासा. मी जातंय. तुमी काय करायचं नाय. तंगूस जाऊ द्यायचं, मग खुंट्यावर हळूहळू दाबत आणायचं. ओढायचं नाय."

मी गल्लीने चालत सुटले. माडापर्यंत गेले नसेन तर पाठीमागून असा हिसका आला की मी आपटता आपटता वाचले. शेजारची कमळा कठड्यावर टेकून बघत होती, ती पोट धरून हसली. मी परत आले, परत गेले. परत हिसका. "अवो, बायको हाय, कुपा नाय!" म्हणाले, तेव्हा तोही हसला. गेल्या वर्षापासून पहिल्यांदा हसला. त्या गल्लीतून मी किती वेळा मासा होऊन गेले, मोजलं नाही. दुपारपर्यंत त्याच्या खांद्याला गप्प बसणं जरासं जमायला लागलं. काही न करणं हे या घरातल्या पुरुषाला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला धक्क्यावर फारसं कुणी आलं नाही. एकदा हसून झालं होतं. पाखरांखाली पोचलो, बांगडा सोडला. मी इंजीन मंद केलं. तंगूस सुटलं. आनंदाचा खांदा वर गेला, तो मला दिसला.

"खांदा खाली!"

खांदा खाली आला. तो दातओठ खात बसून राहिला. तंगूस खुंट्यावरून जातंय, जातंय, आणि आम्ही दोघं श्वास धरून नुसते बघतोय. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याने तळवा वेढ्यावर टेकला, बोटांनी न धरता, तळव्यानेच, आणि हळू दाबत आणला. तंगूस ताणलं. आणखी ताणलं. होडीचं नाक आपोआप वळलं.

"लागला," आनंदा हळूच म्हणाला. मग ओरडला, "बकुळे, लागला गो!"

पुढचं कष्टाचं काम. कुपा पळेल तिकडे मी होडी वळवायची, तंगूस होडीखाली जाऊ द्यायचं नाही. तो दमला की आनंदाने वेढ्यावर वेढा घेत यायचं, मुठीचं काम खुंट्यावर सोपवून. ऊन डोक्यावर आलं. शेवटी कुपा काठाशी आला, पाठ काळी, पोट पांढरं. मी लोखंडी आकडी घातली आणि दोघांनी मिळून तो आत घेतला. आनंदाने त्याचं तोंड उघडलं. गळ जबड्याच्या कोपऱ्यात, जिथे हवा तिथे. तो त्या माशाच्या शेजारी बसून रडला. मी इंजिनाकडे तोंड करून बसले, कारण मीही रडत होते आणि सुकाणू सोडता येत नव्हतं.

धक्क्याला लागलो तेव्हा लोक जमले. भावोजी पुढे आले, वाकले, कुप्याचं तोंड स्वतःच्या हाताने उघडून बघितलं. गळावरून अंगठा फिरवला. मग उठून आनंदाच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्यापासून माज्या होडीवर ये. हे गळ घेऊन ये." आणि माझ्याकडे न बघता, "बकुळेला घरी राहू दे आता. बाईमाणूस सुकाणूवर, बरं दिसत नाय. झालं तेवढं झालं."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण आनंदा आधी बोलला.

"नाय दादा. माजी होडी हाय, मी माज्या होडीवर जाणार. तुला यायचं तर ये, पुढल्या फळीवर जागा हाय. पण सुकाणूवर ही बसणार, आणि ही गप ऱ्हा म्हणाली की गप ऱ्हायचं."

भावोजींचा हात त्याच्या खांद्यावरून खाली आला. कुणी हसलं नाही. "उजाडायच्या आधी निघतंव आमी," आनंदा म्हणाला आणि माझ्या हातात कुप्याच्या शेपटीकडची बाजू दिली.

दुसऱ्या दिवशी पुढची फळी रिकामीच होती. आम्ही थांबलो नाही.