काचेतले डोळे

राही चित्र पोटाशी धरून माझ्याकडे आली. तिच्या आईचं, सोजरचं ते चित्र आदिलाबादच्या एका पेंटरनं लग्नाच्या फोटोवरून काढलेलं. फोटो केव्हाच हरवला होता. राही रांगत होती तेव्हा सोजर गेली. आता भिंतीची ओल काचेमागे शिरली आणि चित्रातले दोन्ही डोळे पुसून गेली.

"बाई, मले असंच दुसरं काढाले शिकवा. बाबा आजकाल त्या भिंतीकडे पाहतच नाहीत."

गुडीहत्नूरच्या माझ्या ओसरीवर आम्ही दुपारी बसू लागलो. चित्राच्या चौकटीला आडवे-उभे दोरे बांधून मी चौकोन पाडले. तसेच कागदावर आखून दिले.

"चेहरा नको पाहू. एकच चौकोन पाहा. काय दिसून राह्यलं?"

"डोंगर."

"मग डोंगर काढ."

तो नाकाचा शेंडा होता. असे डोंगर, पायवाटा, डोह कागदावर जमत गेले. हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरून लॉऱ्या जात, त्यांचा आवाज भुंग्यासारखा दुरून येई. केसांच्या काळोखात राही इतकी शिरली की हाक मारली तरी तिला ऐकू जाईना.

डोळ्यांचे चौकोन मात्र कोरेच राहिले. मी सोजरला पाहिलं नव्हतं.

"मनानं काढू का, बाई?"

"काऊन घाई? बसू थोडं."

एका दुपारी ऊन ओसरीत उतरलं आणि काचेवरच्या त्या पुसट जागेत राहीचेच डोळे येऊन बसले. ती हलली नाही. श्वास जपत तिनं कुंचला उचलला. तिचा डावा डोळा जरा बारीक आहे. काचेत तो चित्रातल्या सोजरचा उजवा झाला. हे उलटं होतंय, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

संध्याकाळी वांगी विकून चंपत मुलीला न्यायला आला. चित्र पाहून तो टोपलीसकट खाली बसला.

"चुकलं का, बाबा?"

"तिचा उजवा डोळा बारीक होता, हे तुले कोनी सांगितलं?"

"कोनी नाही. माझाच काढला."

"तुझा तं डावा हाये." चंपत चित्राकडे पाहतच होता. "तुले मांडीवर समोर घेऊन बसे. म्हने, पाहा जी, बारक्यासमोर बारका."

राही सरकत चित्राच्या अगदी समोर जाऊन बसली. चंपतनं हात पुढे केला.

"हात नका लावू, बाबा," ती हळूच म्हणाली. "रंग ओला हाये अजून."