मथुरेच्या मांगरातला निळा मणी

गावातल्या मथुरा नावाच्या बाईच्या काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, त्या सोमवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे फवारणीचा पंप, माडाची झापं आणि काजूबियांची पोती असत. आज अगरबत्त्यांचा धूर होता, मोबाइल धरून उंचावलेले हात होते आणि मधोमध भगव्या कापडाने झाकलेल्या उंच आसनावर नीलकंठ महाराज बसले होते. पंधरा दिवसांपूर्वी हे महाराज कुठून उगवले ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कोणाला सुचलंही नव्हतं. चमत्काराला कोणी पत्ता विचारत नाही.

महाराजांच्या तळहातावर आवळ्याएवढा खडा होता. निळाशार, आरपार दिसणारा, कडा जणू कोणी तासून काढलेल्या.

"पाहा भक्तांनो! समुद्रमंथनातलं हलाहल भगवंतांनी प्राशन केलं, त्यातला एक थेंब कुणकेश्वराच्या समुद्रात पडला. तळाशी गोठला आणि हजारो वर्षं तप करत राहिला! हा मणी जिवंत आहे. श्रद्धा मिळाली की वाढतो. गेल्या सोमवारी केवढा होता?"

"बोराएवढो!" गर्दी ओरडली.

"आता?"

"आवळ्याएवढो!"

महाराजांनी समोरच्या काचेच्या बरणीकडे बोट केलं. तिच्यात मण्याला आंघोळ घातलेलं निळं तीर्थ होतं. मग त्यांनी एक कोयती मागवली, मंत्र पुटपुटत लिंबाच्या फोडीने तिचं पातं खसाखसा घासलं आणि बरणीत बुडवलं. क्षणभराने वर काढलं तर पातं लालभडक!

"लोखंडाचं तांबं झालं! मग तुमच्या भोगाचं काय होणार नाही?"

बायांनी हात जोडले. कोणीतरी शंख फुंकला.

गर्दीच्या मागे सत्यवान उभा होता. वय अडुसष्ट. तीस वर्षं राजस्थानातल्या तांब्याच्या खाणीत काढून तो गावी परतला होता आणि सुट्टीच्या दिवशी वाडीतली मुलं त्याच्या पडवीत जमत. दगड कसा ओळखायचा, होकायंत्र कसं बनवायचं, असली त्याची शाळा. महाराजांच्या मण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो आला होता पुतण्याच्या मुलीसाठी, नऊ वर्षांच्या संचितासाठी.

संचिताला दोन वर्षांपासून फिट येत. गोळ्या सुरू झाल्यापासून सात महिने एकही आली नव्हती. तेवढ्यात हे महाराज आले, म्हणाले, "बाहेरची बाधा आहे, गोळ्या बंद!" गेल्या सोमवारी त्यांनी बापाच्या हातून तिला चमचाभर तीर्थ पाजवलं. ती भडाभडा ओकली. "पाहिलंत? बाधा निघाली! उरलेली पुढच्या सोमवारी." गोळ्यांचं पाकीट महाराजांच्या ताटात अर्पण झालं. आणि आज चमचा नव्हता, भरलेलं फुलपात्र होतं.

सत्यवानाने घरी सगळं सांगून पाहिलं होतं. तिचा बाप सर्वेश उसळला होता, "काकानू, तुमी खाणीतले. तुमका देवातला काय कळता?"

आता महाराजांनी दिलेलं फुलपात्र एका हातात घेऊन, दुसऱ्याने लेकीचा हात धरून सर्वेश तिला आसनापुढे नेत होता. पोरगी पाय रोवून उभी राहत होती.

सत्यवान गर्दी कापत पुढे घुसला. जवळून पाहिलं तर खड्याच्या टोकातून केसासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. मासे गळाला लावतात ती नायलॉनची दोरी, तंगूस.

"महाराज, हजार वर्षांपूर्वी समुद्रात तंगूस होती?"

मांगर खवळला. "ह्येका भायर काढा रे!" "म्हातारपणी बुद्धी फिरली मेल्याची!" कोणीतरी त्याच्या सदऱ्याला हिसका दिला, तशी दोन बटणं तुटली. सर्वेशही ओरडला, "काकानू, माझ्या चेडवाच्या आड येव नकात!"

सत्यवान थांबला. इथे रसायनशास्त्र सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, हे त्याला कळलं. त्याने मांगराच्या मालकिणीकडे तोंड वळवलं. मथुरा हात जोडून पहिल्याच रांगेत बसली होती.

"मथुरा, तुका एक इचारतंय. पोफळींवर फवारूच्या आधी तू पिंपात कोयती कित्याक बुडयतस गो?"

"ह्यां काय इचारणा?" मथुरा वैतागली. "कोयती तांबडी झाली तर समजूचा, चुनो कमी पडलो. आनी थोडो घालूचो. नायतर पानां करपतत."

"चुनो कशात घालतस?"

"मोरचुदाच्या पाण्यात, आनी कशात..." आणि मथुरेने वळून निळ्या बरणीकडे पाहिलं.

तिथल्या प्रत्येकाने दर मे महिन्यात, सुपारीची गळ थांबवायला, हेच केलं होतं. कोयती बुडवली होती, लाल झालेली पाहिली होती आणि निमूट चुना वाढवला होता. पण मोरचूद त्यांना माहीत होतं ते दुकानातल्या पिशवीतला निळा चुरा म्हणून. हातावर आवळ्याएवढं झालं आणि भोवती शंख वाजला, तसं कोणालाच ओळखू आलं नाही.

"तुझ्या पानाच्या चंचीतलो चुनो दी," सत्यवान तिला म्हणाला.

महाराज गरजले, "शिवू नको! मणी कोपेल! तुझ्या घराण्याचा नाश होईल!"

"माझा घराणा हयसरच उभा आसा," संचिताकडे बघत सत्यवान म्हणाला. "त्याचो नाश होव नये म्हणानच इलंय."

त्याने खायच्या चुन्याचा गोळा बरणीत टाकला आणि काठीने ढवळला. काचेसारखं निळं तीर्थ गढूळलं, दाटलं, फिकट आभाळी झालं. वाडीतल्या प्रत्येक पोफळीच्या खोडावर आणि प्रत्येक गड्याच्या जुन्या सदऱ्यावर असलेला रंग! सत्यवानाने दुसरी कोयती घेतली, पातं लिंबाने घासलं, बुडवलं, वर काढलं. पातं लखलखीत. चंचीतल्या चुन्यापुढे हलाहलाचं काही चाललं नाही.

मथुरा उठली. तिने सरळ महाराजांच्या बुडाखालचं भगवं कापड ओढलं. महाराज कोलमडले आणि खाली दिसलं तिचंच फवारणीचं पालथं पिंप. मग ती कोपऱ्यात गेली आणि मोरचुदाची पिशवी घेऊन आली.

"पाच किलो इकत हाडलंय. फवारणी अजून झाली नाय, आनी अर्धी खंय गेली? माका वाटला उंदरांनी फोडली." तिने महाराजांकडे बोट केलं. "ह्यो बघा उंदीर!"

आता लोक हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. दोघातिघांनी महाराजांची वाट अडवली. सत्यवानाने महाराजांना हात लावू दिला नाही. "मारू नकात. पोलिसांका सांगा. जादूटोण्याइरुद्ध कायदो आसा."

मग तो गर्दीत उभ्या असलेल्या वाडीतल्या मुलांकडे वळला. शिकवताना त्याच्या तोंडी आपोआप पुस्तकी मराठी येई.

"गरम पाण्यात मावेल तेवढं मोरचूद, म्हणजे तांबं आणि गंधकाचा क्षार, विरघळवायचं, त्यात तंगुशीला बांधून बारीक खडा सोडायचा. पाणी आटत जातं, खडा वाढत जातो. श्रद्धा लागत नाही. निसर्गातही हा होतो, पण क्वचित. तांबं आणि गंधक असलेल्या दगडाला दमट हवा लागली की खाणीच्या भिंतीतून निळं पाणी पाझरतं आणि ते सुकलं की असे खडे, कधी कधी निळे केस उगवतात. मी पाहिलेत. पण कोरड्या जागीच टिकतात, कारण हे पाण्यात विरघळतं. आपल्याकडे उघड्यावर एक पावसाळा काढणार नाही, समुद्राच्या तळाशी हजार वर्षं कसलं तप करतंय! पाण्यातलं तांबं लोखंडावर चढतं म्हणून पातं लाल होतं. लिंबू मंत्रासाठी नव्हतं, गंज काढायला होतं. आणि हे विष आहे. पोटात गेलं की पोट ते बाहेर फेकतं. जास्त गेलं तर रक्त आणि मूत्रपिंडं बिघडतात, जीवही जातो. फुलपात्रभर तर..." त्याने सर्वेशकडे पाहिलं.

सर्वेशच्या हातातून फुलपात्र कधीच गळून पडलं होतं.

"आजोबा," संचिताने हळूच विचारलं, "मगे माझ्या आंगात कोण नाय?"

"कोण नाय गो बाये. मेंदूत वीज कधीतरी जास्त चमकता, इतक्याच. तिका औषध आसा."

सर्वेशने महाराजांच्या ताटातलं गोळ्यांचं पाकीट उचललं. "काकानू, गोळी तिका आत्ताच देव काय?"

"आठ दिवस सुटलेत. आधी डॉक्टरांका दाखवया. गाडी काढ."

तक्रार सर्वेशनेच नोंदवली. जबाबात त्याने लिहिलं, "तीर्थ मी स्वतःच्या हाताने पाजलं." ते वाक्य खोडायला कोणी सांगितलं तरी त्याने खोडलं नाही.

पंधरवड्याने मथुरेच्या वाडीत फवारणी निघाली. गोळ्या पुन्हा सुरू झालेली संचिता पिंपाशी कोयती धरून उभी होती. तिने पातं बुडवलं, वर काढलं आणि ओरडली, "तांबडी! चुनो घाला!"

मुलांनो, कोयती तुमच्याही घरात आहे. देवाच्या नावाने कोणी नवल दाखवलं तर हात जोडण्याआधी आठवून बघा, हे आपण आधी कुठे पाहिलंय का. बुडवून बघा, घासून बघा, विचारून बघा. आणि जो विचारू देत नाही त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका.